पक्षाघातानंतर मन बिघडतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यातून सुट्टी होताना गोळ्यांची यादी हातात पडते, व्यायामाचा कागद मिळतो, रक्तदाब किती असायला हवा तेही सांगतात. पण घरी आल्यावर माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, क्षुल्लक गोष्टीवरून ओक्साबोक्शी रडला किंवा कधी नव्हे तो बायकोवर खेकसला, तर काय करायचं, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. खालचे प्रश्न त्याबद्दलचे आहेत. बरेचसे घरच्यांचे आहेत, कारण विचारायला तेच येतात. काही स्वतः रुग्णांचे आहेत.

एवढा मोठा आजार झाल्यावर माणूस उदास होणारच ना? त्याला वेगळा आजार कशाला म्हणायचं?

दुःख होणं साहजिक आहे. पण दुःखात माणूस अधूनमधून खुलतो. कुणी आवडीचं भेटायला आलं की बोलतो, जेवण बरं झालं तर तसं म्हणतो, वाईट दिवसामागून एखादा बरा दिवस येतो. नैराश्यात हे चढउतार आटतात. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज मन खिन्न असतं किंवा कशातच रस वाटत नाही. झोप, भूक आणि एकाग्रता बिघडते. ‘मी सगळ्यांवर ओझं झालोय’ हे पुन्हा पुन्हा येतं.

पक्षाघात झालेल्या साधारण तीन जणांपैकी एकाला पहिल्या पाच वर्षांत कधी ना कधी नैराश्य येतं. त्यातही पहिलं वर्ष जास्त जोखमीचं. आणि हा फक्त मनाचा मामला राहत नाही. नैराश्य आलेला माणूस व्यायाम टाळतो, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवतो, त्याची सुधारणा मंदावते. अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलं आहे. म्हणून ‘साहजिक आहे’ असं म्हणून सोडून देणं मला धोक्याचं वाटतं. साहजिक असलं तरी उपचार लागतात, आणि उपचारांनी फरकही पडतो.

हे मेंदूला इजा झाल्यामुळे होतं की परिस्थितीमुळे?

दोन्हींमुळे, आणि एका माणसात दोन्हींचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग आणि मेंदूच्या आत खोलवर असलेली केंद्रं यांना जोडणारे मार्ग भावना आणि इच्छा यांचं काम सांभाळतात. रक्तपुरवठा तुटल्याने त्यांना धक्का बसू शकतो. दुसरीकडे कमाई थांबलेली असते, शौचाला जायलाही दुसऱ्याची मदत लागते, मित्र यायचे कमी झालेले असतात. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलं असेल, अपंगत्व जास्त असेल किंवा घरात आधार कमी असेल, तर धोका वाढतो.

मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा झाली की नैराश्य येतं, असा एक सिद्धांत बरीच वर्षं चर्चेत होता. २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. त्यामुळे स्कॅनचा रिपोर्ट वाचून ‘यांना डिप्रेशन येणार’ किंवा ‘यांना येणार नाही’ असं भाकीत कुणी करत असेल, तर ते फारसं मनावर घेऊ नका.

बाबा दिवसभर नुसते बसून असतात. दुःखी वाटत नाहीत, पण स्वतःहून काहीच करत नाहीत. आळशी झालेत का?

घरात सगळ्यात जास्त भांडणं याच गोष्टीवरून होतात. नैराश्यासारखी दिसणारी पण वेगळी अशी एक अवस्था असते. तिला वैद्यकात औदासीन्य म्हणतात आणि ती साधारण तिघांपैकी एका रुग्णात दिसते. या माणसाला विचारलं, ‘वाईट वाटतंय का?’, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. मरणाची भाषा नसते, रडणं नसतं, अपराधीपणा नसतो. काम सुरू करायला आतून जो धक्का लागतो, तोच मिळत नाही. समोर ताट ठेवलं की जेवतात, हाताला धरून उठवलं की चालतात, पण भूक लागली म्हणून स्वतःहून मागत नाहीत.

इथे ‘मनावर घ्या, इच्छाशक्ती वापरा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण बिघाड नेमका तिथेच आहे. उपयोगी पडते ती बाहेरून दिलेली चालना. दिवसाचं वेळापत्रक ठरवा आणि ते भिंतीवर दिसेल असं लावा. गजर लावा. ‘काय करू या?’ असं मोकळं विचारण्यापेक्षा ‘चला, आधी चप्पल घाला’ असं एकच छोटं पाऊल सांगा. नैराश्याच्या गोळ्यांचा औदासीन्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. काहींमध्ये त्या ते वाढवतातही. नैराश्य आणि औदासीन्य एकत्रही असू शकतात, म्हणून निदान तज्ज्ञाकडूनच करून घ्यावं.

आई कशावरही रडते. टीव्हीवर लग्न दाखवलं तरी रडते, कुणी ‘कशा आहात?’ विचारलं तरी रडते. एकदा मयताची बातमी ऐकून हसायला लागली! हे डिप्रेशन आहे का?

असेलच असं नाही. भावना व्यक्त करण्यावरचा मेंदूचा ताबा सुटला की रडू किंवा हसू अचानक फुटतं, आवरत नाही, आणि मिनिट-दोन मिनिटांत ओसरतं. आत तेवढं दुःख किंवा आनंद असतोच असं नाही. पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या काही महिन्यांत साधारण पाचांपैकी एकाला हा त्रास होतो. पुढे बऱ्याच जणांचा तो कमी होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. रडणं थांबल्यावर विचारा, ‘आत्ता मनात काय आलं होतं?’ ‘काही नाही, आपोआप येतं’ असं उत्तर आलं तर बहुधा हाच प्रकार. नैराश्यातली खिन्नता मात्र रडणं थांबल्यावरही तशीच राहते.

त्या वेळी घरच्यांनी घोळका करून समजूत घालू नये. त्याने रडं लांबतं आणि माणूस आणखी ओशाळतो. शांतपणे विषय बदला, पाणी द्या, किंवा जे चाललं होतं ते चालू ठेवा. श्वास हळू सोडणं, बसण्याची स्थिती बदलणं, खोलीतले निळे रंग मोजणं अशा युक्त्यांनी काहींना थांबवता येतं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: ‘आजारामुळे तिला रडू येतं, तुम्ही काही चुकीचं बोलला नाहीत.’ एवढ्या एका वाक्याने माणसं यायची थांबत नाहीत. त्रास फार असेल तर नैराश्यावरच्या काही गोळ्या इथे चांगल्या लागू पडतात. बऱ्याचदा नैराश्यापेक्षा लवकर, काही दिवसांतच फरक दिसतो.

मला सतत थकवा असतो. घरचे म्हणतात, केलंस काय म्हणून दमलास?

पक्षाघातानंतरचा थकवा जवळजवळ निम्म्या रुग्णांना असतो. ज्यांच्या हातापायांत आता काही उणं दिसत नाही, अशांनाही तो असतो, म्हणून लोकांना खोटा वाटतो. चार माणसांच्या गप्पा ऐकूनही मेंदू दमतो. दिवसातली महत्त्वाची कामं ताज्या वेळेत ठेवा, मधे ठरवून विश्रांती घ्या, बऱ्या दिवशी सगळं उरकून टाकण्याचा मोह टाळा. मात्र रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब १२ जीवनसत्त्व आणि चालू गोळ्या एकदा तपासून घ्या. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं तर हमखास विचारा. झोपेतला हा श्वासरोध पक्षाघाताच्या निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये सापडतो. त्याने थकवा येतो, मूड बिघडतो आणि रक्तदाबही वाढतो.

त्यांची वाचाच गेली आहे. मनात काय चाललंय ते कसं कळणार?

वाचा गेलेल्या माणसाचं नैराश्य सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं, कारण तपासण्या बहुतेक प्रश्नोत्तरांच्या असतात. आणि अशा रुग्णांमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. बोलता न येणं म्हणजे विचार करता न येणं नव्हे. ‘त्यांना काही कळत नाही’ असं त्यांच्यासमोर म्हणणारे नातेवाईक नेहमी भेटतात. त्या माणसाला ते पुष्कळदा कळत असतं.

वागण्यावरून अंदाज घ्यावा लागतो. रात्री झोप लागते का? जेवण परत पाठवतात का? पूर्वी आवडायची ती गाणी लावली की मान फिरवतात का? व्यायामाला विरोध वाढलाय का? डोळ्याला डोळा देणं टाळतात का? घरच्यांनी किंवा परिचारिकेने अशा निरीक्षणांवरून भरायच्या खास प्रश्नावल्या आहेत. स्पीच थेरपिस्टकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे त्यांची चौकशी करा. ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी अंगठा किंवा चित्रं ठरवून घ्या, पण आधी ते ‘हो-नाही’ खात्रीचं आहे का ते साध्या प्रश्नांवर तपासा. काही रुग्ण ‘हो’ म्हणायचं असताना ‘नाही’ म्हणतात. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची उभी पट्टी दाखवून बोट ठेवायला सांगता येतं. उभी अशासाठी, की एका बाजूचं दिसत किंवा जाणवत नसेल तर आडव्या पट्टीचा अर्धा भाग सुटतो.

उपचारही होतात. माणसाला आनंद देणाऱ्या कृती शोधून त्या थोड्या थोड्या वाढवत नेण्याची पद्धत वाचा गेलेल्यांवर वापरून पाहिली गेली आहे आणि तिचा फायदा दिसला आहे.

पुन्हा झटका येईल या भीतीने रात्र रात्र डोळा लागत नाही.

चार-पाच जणांपैकी एकाला पक्षाघातानंतर त्रासदायक चिंता असते. नैराश्याइतकी तिची चौकशी होत नाही. एकटं राहायची भीती, बाहेर पडलो तर पडू ही भीती, दिवसातून दहा वेळा रक्तदाब मोजणं ही तिची रूपं. काहींना त्या दिवसाचे प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतात. अपघातानंतर बसतो तसा तो धक्का असतो आणि त्यावरही उपचार आहेत.

भीतीवर उतारा म्हणून घरात बसून राहिलात तर भीती वाढते आणि पायातली ताकद जाते. डॉक्टरांकडून आपल्याला काय चालेल ते नेमकं विचारून घ्या आणि टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने परत सुरू करा. रक्तदाब डॉक्टर सांगतील तितक्याच वेळा मोजा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. चेहरा एका बाजूला ओढला जाणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं किंवा तोल जाणं असं काही घडलं, तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून थांबू नका. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. लक्षणं दहा मिनिटांत गेली तरीही.

शांत स्वभावाचा माणूस आता शिवीगाळ करतो. हा माणूसच वेगळा वाटतो.

मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की तोंडावरचा आणि रागावरचा लगाम सैल होतो. पण ‘मेंदूमुळे आहे’ म्हणून विषय बंद करू नका, कारण मागे दुरुस्त होण्याजोगं कारण पुष्कळदा सापडतं. लुळ्या खांद्याचं दुखणं, बद्धकोष्ठता, ऐकू कमी येणं, गोंगाट, झोप न होणं, किंवा न जमणारं काम समोर ठेवलं जाणं. आकडी येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटाम या गोळीनेही काहींची चिडचिड खूप वाढते. गोळी सुरू झाल्यावरच स्वभाव बदलला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, पण स्वतः बंद करू नका. अचानक बंद केली तर आकडी येऊ शकते.

राग आला की कुठे आला, कुणासमोर, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, हे आठवडाभर टिपून ठेवा. बहुतेकदा एक साचा दिसतो: संध्याकाळची वेळ, दमलेला माणूस, एकाच वेळी बोलणारे दोघे. वादात जिंकायचा प्रयत्न करू नका. मारहाणीपर्यंत गेलं तर मात्र सहन करत बसू नका. तुमची सुरक्षितता आधी, मग कारणमीमांसा.

‘मला काही झालेलंच नाही’ म्हणतात आणि उठायला जाऊन पडतात. हट्ट म्हणायचा का?

हट्ट नव्हे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही जणांना डावा हात चालत नाही हे कळतच नाही. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जोझेफ बाबिन्स्की यांनी १९१४ साली याचं वर्णन केलं. पटवून देण्यात शक्ती घालवू नका. पडण्यापासून वाचवायची व्यवस्था करा. बहुतेकांमध्ये हे पुढच्या आठवड्यांत, महिन्यांत निवळतं.

कालपासून आजोबा असंबद्ध बोलतायत, खोलीत माणसं दिसतात म्हणतात.

एक-दोन दिवसांत आलेला, दिवसभरात कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे शरीरात काहीतरी बिघडल्याची सूचना समजा. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, नवी गोळी, आकडी किंवा नवा पक्षाघात. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरात पडून असलेली झोपेची गोळी देऊन शांत करू नका.

नैराश्याच्या गोळ्या पक्षाघातानंतर सुरक्षित असतात का? सवय लागते का?

सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम, फ्लुऑक्सेटिन या गटातल्या गोळ्या सर्वाधिक वापरतात. त्यांची दारूसारखी किंवा झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही. मात्र एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी कराव्या लागतात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण परिणामाला आणखी वेळ लागतो. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ. तिथेच उपचार फसतो.

जोखमीही आहेत. या गोळ्यांनी रक्तस्राव व्हायची शक्यता थोडी वाढते. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या इतर गोळ्या चालू असतील तर डॉक्टर ते तोलून ठरवतात. तुम्ही मात्र अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. वयस्कर माणसांमध्ये, विशेषतः लघवीची गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत गुंगी किंवा गोंधळ वाढला तर रक्त तपासा. पडून हाड मोडण्याचा धोकाही लक्षात ठेवावा. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर तोल आणि स्मरणशक्ती बिघडते, त्यामुळे त्या जितक्या कमी तितक्या बऱ्या.

नैराश्य नसतानाही ही गोळी घेतली तर हात-पाय लवकर सुधारतात असं ऐकलं.

तशी आशा होती. २०११ साली फ्रान्समधल्या एका छोट्या अभ्यासात फ्लुऑक्सेटिन घेणाऱ्यांची हालचाल जास्त सुधारली होती. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सहा महिने रोज २० मिलिग्रॅम गोळी घेऊनही दैनंदिन कामांच्या क्षमतेत फरक पडला नाही. नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण थोडं घटलं, पण हाड मोडण्याचं वाढलं. २०२० मध्ये आलेल्या आणखी दोन मोठ्या चाचण्यांनीही क्षमतेबद्दल तेच सांगितलं. तेव्हा केवळ हात सुधारावा म्हणून ही गोळी मागू नका.

गोळ्यांशिवाय काय करता येतं?

बोलून करायचे उपचार, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणारी थेरपी, अडचणी एकेक करून सोडवायला शिकवणारी पद्धत. स्मरणशक्ती किंवा लक्ष कमी झालं असेल तर सत्रं छोटी ठेवून, लिहून देऊन, घरच्या एकाला बरोबर घेऊन त्या करता येतात. शरीराला झेपेल इतका नियमित व्यायाम मूडलाही मदत करतो. आणि काहीतरी जबाबदारी द्या. एका हाताने होणारं का असेना, पण घराला खरंच लागणारं काम. मन रमवायला म्हणून दिलेलं खोटं काम माणूस लगेच ओळखतो.

‘आता जगून काय करू’ असं म्हणतात. विचारलं तर डोक्यात नको ते येईल म्हणून आम्ही विषय टाळतो.

टाळू नका. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, काही ठरवलंय का?’ पक्षाघातानंतर, विशेषतः पहिल्या एक-दोन वर्षांत, आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ठरवलेलं काही असेल, गोळ्या साठवलेल्या सापडल्या, निरवानिरवीची भाषा सुरू झाली, तर एकटं सोडू नका. गोळ्या आणि धोक्याच्या वस्तू ताब्यात घ्या. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा तातडीच्या विभागात न्या. जेवण-पाणी सोडणं, गोळ्या थुंकणं हीसुद्धा मरण मागण्याचीच भाषा असू शकते.

शरीरसंबंधांबद्दल कुणाला विचारायचं?

डॉक्टरांनाच, स्पष्टपणे. तब्येत स्थिर झाल्यावर बहुतेकांना संबंध सुरू करायला हरकत नसते. इच्छा कमी होण्यामागे भीती, नैराश्य, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या यांपैकी काहीही असू शकतं. ताठरतेच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर त्या जिवावर बेततात.

सगळे त्यांच्याबद्दल विचारतात. मीच कोसळायला आलेय.

काळजी घेणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण रुग्णांपेक्षा कमी नसतं. झोप सलग मिळत नसेल, रुग्णाचा राग राग येत असेल, ‘सुटले असते तर बरं’ असा विचार येऊन मग अपराधी वाटत असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला नेमकं काम सांगा: ‘दर गुरुवारी चार ते सात तुम्ही बसा.’ आणि स्वतःसाठी वेगळी अपॉइंटमेंट घ्या. त्यांच्या तपासणीत तुमचं शेवटच्या दोन मिनिटांत उरकू देऊ नका.

तीन वर्षं झाली. आता उपचार करून उपयोग आहे का?

आहे. नैराश्य उशिरा सुरू होऊ शकतं आणि उशिरा सुरू केलेले उपचारही लागू पडतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर नक्की काय सांगायचं?

‘मूड बरा नसतो’ एवढं सांगितलंत तर ‘होतं असं’ एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. कधीपासून, रोज की अधूनमधून, झोप किती तास, वजन किती घटलं, कोणती गोष्ट करायची सोडली, ते सांगा. पूर्वी कधी मानसिक आजार होता का, दारू किती, सध्याच्या सगळ्या गोळ्या कोणत्या, त्यांत दुकानातून आणलेल्या आणि आयुर्वेदिकही, हे लिहून न्या. रडण्याचा किंवा रागाचा प्रसंग घडत असताना, त्यांची हरकत नसेल तर, फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. तपासणीच्या खोलीत माणूस हमखास शहाण्यासारखा वागतो. रुग्णाला एकट्याने आणि तुम्हाला एकट्याने बोलायला पाच-पाच मिनिटं मागून घ्या. मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ वेगळे असतील, तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायचं काम तुमचंच.